खळीचा लंगोट आणि श्वानबाबा

"डोलतोय! बघा, भक्तीने डोलतोय!"

आमच्या लाँड्रीच्या दारात पन्नास-साठ माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या माना आमच्या कुत्र्याकडे वळल्या होत्या. कुत्र्याचं नाव कोळसा. सकाळपर्यंत जवळ येईल त्याच्यावर दात विचकणारा हा कोळसा आता श्वानबाबांच्या मागून पडद्याबाहेर आला. चारी पाय चार दिशांना टाकत आला आणि बाबांच्या पायावर डोकं ठेवून आडवा झाला. जिभेवरून लाळ गळत होती. लोकांनी हात जोडले. समोरच्या न्हाव्याने तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून लोटांगण घातलं.

बाबा म्हणाले, "याचं पौरुष कापलंत. देह इथे राहिला, पण कापलेल्याचा आत्मा भटकतोय. तोच याच्या तोंडून चावतो."

माणसाच्या आत्म्याचा पत्ता अजून कोणाला लागलेला नाही, आणि हे गृहस्थ कुत्र्याच्या कापलेल्या भागाच्या आत्म्याशी बोलून आले होते. पण हसायला कोणी तयार नव्हतं. मीही नाही. मी चाळीस वर्षं इस्त्री ओढतो आणि मालकांचं मीठ खातो, म्हणून गप्प बसलो. त्याची लाज आजही वाटते.

झालं होतं ते साधं होतं. कोळसा गल्लीतल्या कुत्र्यांशी सारखा भांडायचा, म्हणून मालकांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून त्याची नसबंदी करून घेतली. बाईंनी टाके घातले आणि गळ्यात प्लास्टिकचा मोठा, कर्ण्यासारखा गळपट्टा बांधला, टाके चाटू नयेत म्हणून. तो गळपट्टा टांगलेल्या कपड्यांत अडकायचा. वहिनींनी, म्हणजे मालकीणबाईंनी, दुसऱ्याच दिवशी तो काढून टाकला आणि जुन्या चादरीचा लंगोट शिवला. रोज एक नवा. आमच्याकडे बिनखळीचा रुमालसुद्धा दुकानाबाहेर पडत नाही, तिथे घरच्या कुत्र्याचा लंगोट कसा पडेल? वहिनी दाट खळ घालायच्या आणि मी दाबून इस्त्री करायचो. काठ असा कडक उभा राहायचा की पापडासारखा मोडावा.

चौथ्या दिवशी लंगोट बदलताना कोळशाने चावून वहिनींचा हात फोडला.

"ऑपरेशन झालं की शांत होतो म्हणे! हा तर राक्षस झाला," मालक म्हणाले आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून श्वानबाबांना घेऊन आले. बाबांनी जखमेवर राख चोळायला काढली. तेव्हा मालकांच्या सूनबाईंनी सासूचा हात धरून नळाखाली नेला, साबण लावून बराच वेळ धुतला आणि तशाच इंजेक्शनला घेऊन गेल्या. कोणाला विचारलं नाही.

बाबांची पद्धत ठरलेली होती. कुत्र्याला दिवसभर उपाशी ठेवायचं. मग आमच्याच चादरीच्या पडद्याआड बाबा आणि कुत्रा. एक मंतरलेला पावाचा तुकडा. वीस मिनिटं कोणी डोकवायचं नाही. मग चमत्कार.

दुसऱ्या दिवशी कोळसा शुद्धीवर आला, वहिनी नवा लंगोट घेऊन पुढे झाल्या आणि तो परत धावून आला. बाबांनी दुसरी बैठक केली. पुन्हा डोलणं, पुन्हा दुसऱ्या दिवशी दात.

बाबा गंभीर झाले. "आत्मा चिवट आहे. परवा तिसरी बैठक. तेव्हाही नाही सुटला, तर कुत्रा पोत्यात घालून नदीत सोडायचा. नाहीतर घरातलं माणूस जाईल."

मालकांनी मान हलवली. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. कोळशाला त्यांनी बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं.

जाताना बाबांनी लाळेने माखलेला झगा सूनबाईंच्या अंगावर टाकला. "परवापर्यंत धुऊन ठेव. आणि खळ चांगली घाल."

फुकटची धुलाई त्यांना महागात पडली. कारण लाँड्रीत कपडा, मग तो मंत्र्याचा असो की महाराजाचा, खिसे तपासल्याशिवाय पाण्यात जात नाही. सूनबाईंचं कामच ते.

"काका, हे बघा," त्या हळूच म्हणाल्या. हातात गोळ्यांची पट्टी होती, दोनच उरलेल्या. फोडलेल्या कप्प्यांत पावाचा चुरा चिकटलेला.

"मालकांना सांगा की."

"मामंजी माझं ऐकतील? मी डॉक्टरीणबाईंना दाखवते."

तिसऱ्या बैठकीला गर्दी दुप्पट होती. कोपऱ्यात पोतं घडी करून ठेवलं होतं. बाबा परीटघडीचा झगा घालून बसले, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"महाराज, आज पडदा नको. मलाही शिकायचंय."

"नास्तिकाच्या नजरेने मंत्र जळतो!"

"बरं. हे तुमच्या खिशात होतं," सूनबाईंनी पट्टी पुढे धरली.

बाबा म्हणाले, "ती माझी. मला झोप येत नाही."

"आत्म्यांशी एवढ्या गप्पा मारून झोप कशी येणार!" न्हावी बोलून गेला. हाच तो लोटांगणवाला.

"गोळ्या झोपेच्याच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपाशी पोटी लवकर चढतात. कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गाळतं, पडतं. तुम्ही त्याला भक्ती म्हणालात. एखाद्या कुत्र्याचा यात जीव गेला असता. महाराज, तुमच्या झोळीतला तो मंतरलेला तुकडा आमच्यासमोर तुम्ही खाऊन दाखवा बघू."

बाबांनी झोळी पोटाशी धरली. "आज माझा उपास आहे."

आता मात्र सगळी गल्ली हसली. हसण्याचा आवाज संपेपर्यंत बाबा कोपऱ्यावरून वळलेही होते.

"पण बाई, चावतो तो खराच ना?" मालकांनी विचारलं.

बाईंनी कोळशाच्या तोंडाला पट्टी बांधली, सावकाश लंगोट सोडला आणि आम्हाला जवळ बोलावलं. टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी कातडं सोलून निघालं होतं, पू धरला होता. तो अंगावर धावायचा, म्हणून इतके दिवस कोणी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांनी लंगोटाचा काठ मालकांच्या मानेवर दोनदा घासला.

"आई गं!"

"कॉलर काचली तर तुम्ही दिवसभर बायकोवर खेकसता. याच्या टाक्यांवर हे आठ दिवस घासतंय, आणि नवा लंगोट दिसला की त्याला कळतं, आता दुखणार."

"म्हणजे मीच..." वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, इस्त्री माझी होती," मी म्हणालो.

बाईंनी जखम धुतली, औषध दिलं, गळपट्टा परत बांधला आणि सांगितलं, "शस्त्रक्रिया म्हणजे दिव्याचं बटण नाही. अंगातला जोर ओसरायला आठवडे लागतात, आणि भांडायची सवय, भीती, दुखणं शस्त्रक्रियेने जातच नाही. ते आपण घालवायचं. खाताना, झोपताना हात लावू नका. गुरगुरला तर मारू नका, मागे व्हा. गुरगुरणं मारून बंद केलंत, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. बाहेर नेताना तोंडाला जाळी घाला. दुसरं कुत्रं लांब दिसलं आणि हा शांत राहिला, की लगेच खाऊ द्या. रोज. कंटाळा करू नका."

कंटाळवाणंच काम ते. त्यात ना पडदा, ना डोलणं, म्हणून बघायला कोणी थांबलं नाही. जखम तीन आठवड्यांनी भरली आणि वहिनींना तो पुन्हा अंगाला हात लावू देऊ लागला. भांडखोरपणा कमी व्हायला चार महिने गेले. अजूनही कोपऱ्यावरच्या पांढऱ्या कुत्र्याला बघून तो ताठरतो. सूनबाई त्याला वळवून दुसऱ्या बाजूने नेतात, झालं.

ज्याच्या अंगात भूत आहे असं तुम्हाला कोणी सांगेल, मग ते जनावर असो की माणूस, आधी त्याला कुठे दुखतंय ते बघा. पडद्याआड होणारा उपाय घेऊ नका. जो आपला तुकडा आधी स्वतः खात नाही, त्याच्या हातचं कोणाला खाऊ घालू नका. आमच्याकडे त्या दिवशी खिसा तपासला गेला नसता, तर एक दुखरं कुत्रं पोत्यात घालून आम्ही नदीत बुडवलं असतं, आणि घरी येऊन एकमेकांना म्हणालो असतो, सुटलो बुवा एकदाचे, गेलं भूत.