चावलेला घास

“बुबू, तोंडातलं ते आधी थुंका!” मी दारातूनच ओरडले.

उनाइसी बुबूंनी, म्हणजे आमच्या गावच्या उनाइसी आजींनी, गालातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मांडीवर त्यांची सात महिन्यांची नात लितियाना आ वासून बसली होती. दालोचा कंद उकडायचा, आपण मऊ चावायचा आणि बोटाने बाळाला भरवायचा, ही आमच्या बेटावरची जुनी रीत. मीही त्याच घासांवर वाढले.

बुबूंनी घास गिळला. “सात पोरं वाढवली मी अशी. तेव्हा तू नागडी फिरत होतीस गं माझ्या अंगणात. आता आलीय शिकवायला!”

“सुवाच्या मोठ्या इस्पितळातून तुमचा रिपोर्ट आलाय. तुमच्या पोटातही तोच जंतू निघाला. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि पोरीला चावून द्यायचं नाही. हात धुऊन चमच्याने भरवा.”

“तोच म्हणजे?”

“आपेनिसाच्या पोटात सापडला तोच.” लितियानाचा बाप आपेनिसा, बुबूंचा धाकटा, पाच महिन्यांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेला. एक्केचाळिशीत. हा जंतू बहुतेक लहानपणीच शिरतो, वर्षानुवर्षं पोटाला आतून सूज आणतो, एखाद्याचा असा घात करतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणूनच त्यांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला लावलं.

“म्हणजे माझ्या पोराला मी दिला?”

“कुणाकडून आला ते कुणालाच सांगता येत नाही, बुबू. पाण्यातून येतो, न धुतलेल्या हातांनी येतो...”

“विली, नर्स झालीस, पण खोटं अजून धड बोलता येत नाही तुला.”

“खोटं नाही. खरंच कळत नाही.”

खरंच होतं ते. पण त्या घरात त्याचा काय उपयोग? बुबू आपल्या बोटांकडे बघत बसल्या होत्या. मला ते बघवेना.

“एक मात्र नक्की माहीत आहे,” मी म्हणाले. “सहा वर्षं आपेनिसा पोट धरून माझ्याकडे यायचा. मी जळजळीच्या पांढऱ्या गोळ्या द्यायचे आणि यांगोना कमी ढोस म्हणून चिडवायचे. तोही हसायचा. सुवाला तपासायला मी त्याला एकदाही धाडलं नाही.”

आता हाकलतील, असं वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

“मीच पाठवायचे त्याला,” बुबू हळूच म्हणाल्या. “जा, म्हणायचे, विली देते गोळी.” मग माझे डोळे पुसत, “रडू नकोस. पोर घाबरेल.”

पोर भुकेने केव्हाचीच किरकिरत होती. बुबूंनी तिला माझ्याकडे दिलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले. मग दालो काट्याने अगदी लोण्यासारखा मऊ केला आणि पहिला चमचा पुढे धरला.

लितियानाने तो थुंकला. ती आजीच्या तोंडाकडेच बघत होती.

“इकडे काय बघतेस, बये? इथं काही नाही आता. चमच्यात बघ.”

तिसरा चमचा तिने गिळला. चौथाही. बुबू भरवत राहिल्या, आणि प्रत्येक चमच्याला त्यांचा रिकामा जबडा सावकाश हलत होता, पोरीचं पोट भरेपर्यंत.