खिडकीतून आता डोंगर दिसतो

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एक काना इकडचा तिकडे झाला की तिची लाल पेन्सिल तिथे पोचलीच म्हणून समजा. बावीस वर्षं तिने कायद्याची पुस्तकं, पाककृती, निवडणुकीची पत्रकं, सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. त्या सकाळी मात्र टेबलावर तपासायला आलेली मुद्रितं तिच्या वडिलांची होती, आणि एक्केचाळिसाव्या पानावर पेन्सिल जी अडली ती अडलीच.

वडील म्हणजे मास्तर. चर्चच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, शिकवली. शेवटच्या आजारात हात थरथरायला लागला तेव्हा ते सांगत आणि आई वहीत लिहून घेई. ते गेल्यावर वर्षभराने आईने ती वही लेकीच्या हातात दिली. आणखी दीड वर्षाने चर्चच्या कमिटीने त्या वहीचं पुस्तक करायचं ठरवलं. अध्यक्षांनी नावही परस्पर ठरवून टाकलं: ‘मास्तरकृत अखेरचे विचार’.

या ‘कृत’नेच तर बापलेकीत पाचर मारली होती. मास्तर जायच्या चार वर्षं आधी तिने एका अभ्यासकाचं पुस्तक तपासलं होतं. त्यात लिहिलं होतं की चारही शुभवर्तमानांवर मुळात कुणाची सही नाही. नावं मागाहून लागली. पहिल्याला आपण ‘मत्तयकृत’ म्हणतो, पण मूळ ग्रीक मथळ्याचा अर्थ नुसता ‘मत्तयानुसार’. शिवाय यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या खुणा मजकुरात दिसतात, म्हणजे बराचसा मजकूर ते पडल्यानंतरचा, येशूनंतर चाळीस वर्षं किंवा त्याहून जास्त उलटल्यावरचा असावा. नवं काही वाचलं की हिला धीर निघत नसे. जेवता जेवता तिने सगळं सांगून टाकलं, आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे चाळीस वर्षं मी मुलांना खोटं शिकवलं?”

“खोटं नाही हो बाबा. फक्त सही नाही.”

“कोणी लिहिलं माहीत नाही, कधी लिहिलं माहीत नाही! मग उरलं काय?”

“लिहिलंय ते उरलंच की.”

उत्तर झकास होतं, पण वेळ साफ चुकली. मास्तरांनी ताट सरकवलं आणि त्या दिवसापासून लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. ती दारात आली की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. हळूहळू तिने यायचंच सोडलं. शेवटच्या आठवड्यात ती तिथे नव्हती. आईचा फोन आला तो मास्तर गेल्यावरच.

म्हणून त्या वहीतलं शेवटचं वाक्य तिला जिवापेक्षा प्यारं होतं. ‘लेकीला सांगा, माझा राग नाही. ती बरोबर असेल किंवा मी, घर दोघांचंही आहे.’ गेलं दीड वर्ष ती या वाक्यावर जगत होती. रात्री झोप लागायला लागली होती ती या वाक्यामुळे. ते होतं चव्वेचाळिसाव्या पानावर.

आणि एक्केचाळिसाव्या पानावर होतं: ‘पडल्या पडल्या खिडकीतून आता डोंगर दिसतो.’

काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी होतं. पण मास्तरांच्या कॉटसमोरच्या खिडकीतून दिसायची ती सिनेमा थिएटरची भिंत. तीन मजली, पोपडे निघालेली. मास्तरांच्या अंत्ययात्रेला माणसं त्याच भिंतीच्या सावलीत उभी होती. ती स्वतः भिंतीला पाठ टेकून उभी होती.

तिने मशीनवाल्याला हाक मारली. तो त्याच गल्लीत राहायचा.

“ते थिएटर कधी पाडलं हो?”

“मास्तर गेले त्याच्यानंतर सातआठ महिन्यांनी. तेव्हापासून तर आमच्या गल्लीतून डोंगर दिसतो. का? धुळीने आमची आजी दोन महिने शिंकत होती!”

मात्राबाईंच्या डोक्याचा भुगा झाला. तापात त्यांना भास झाला असेल. नाहीतर आईने मागाहून एखादी ओळ घातली असेल. पण मग एकच कशावरून? आणि एक्केचाळिसावं पान जर मागाहूनचं, तर चव्वेचाळिसावं? मजकुरातल्या खुणेवरून तो कधीचा ते ठरवायच्या ज्या हिशेबाने तिने वडिलांशी भांडण काढलं होतं, तोच हिशेब आता तिच्या एका वाक्याच्या मुळावर आला होता. तिने मुद्रितं पिशवीत कोंबली आणि तडक आईचं घर गाठलं.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

“आई, बाबांना डोंगर कुठून दिसला?”

“कुठला डोंगर?”

तिने ओळ वाचून दाखवली. आईने जीभ चावली.

“अगं बाई! ते माझं झालं वाटतं.”

“तुझं म्हणजे?”

“ते गेल्यावर वही निम्मी कोरी राहिली होती. बघवेना. मग त्यांच्या कॉटवर बसून लिहायची मी, ते काय काय बोलायचे ते आठवून आठवून. त्यांचं बोलणं मला पाठ नाही तर कुणाला?”

“कुठल्या पानापासून?”

आईने हात पुसून मूळ वही आणली. सगळीकडे तिचंच अक्षर, एकच निळी शाई. “इथपासून. नाही, थांब, हे तर ते बोलले होते. की मीच?” तिने चार पानं पुढे उलटली, सहा मागे. “मेलं काही सांगता येत नाही बघ.”

“आणि शेवटचं वाक्य?”

“ते त्यांचंच.”

“नक्की?”

“‘राग नाही’ हे त्यांचं. शपथ घेऊन सांगते. ‘घर दोघांचंही’ ते मी घातलं. वाचायला बरं वाटलं.”

तिच्या जिवात जीव आला. अर्धं तर अर्धं, पण मुख्य ते बाबांचं होतं. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही! पण सवय वाईट. तिने विचारलंच, “बोललेलं सगळं लिहिलंस ना?”

आईने मटाराची शेंग उचलली आणि सोललीच नाही.

“एक नाही लिहिलं.”

“काय?”

“तिला माझ्या मातीलासुद्धा येऊ देऊ नकोस, म्हणाले होते.” आईने शेंग परत ढिगात टाकली. “मी तुला फोन केला. करणारच होते. पोटची पोर आहेस.”

तिने ओट्याला हात टेकला.

“आधी काय म्हणाले, आई? हे की ते?”

“एकाच आठवड्यातलं गं दोन्ही. एकदा ताप चढला होता, एकदा उतरला होता.”

“तापात कुठलं?”

“तेच तर आठवत नाही.”

“आठव ना! आधी चिडले आणि मग निवळले, की आधी निवळले आणि मग...”

“वहीत लिहिताना वाटलं होतं, चिडले ते आधी. पण आता वाटतं, मी ‘राग नाही’ हे शेवटी लिहिलं, म्हणूनच तसं वाटत असेल.” आई खरंच घाबरली होती. तिने पुन्हा वहीची पानं चाळली. जणू तिथे कुठेतरी तारीख टाकलेली सापडेल. तारीख कुठेच नव्हती.

मग तिने वही मिटली, लेकीचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, पोरीला जेवायला काय करू असं विचारावं तसं विचारलं, “तुला शेवटचं कुठलं हवंय?”

काय हवंय ते तिला पक्कं माहीत होतं. पण ती म्हणेल तेच आईला आठवणार होतं, आणि नेमकं म्हणूनच तिला ते आईला सांगता येईना.