ऑर्गनची मोटर गप्प झाली

एकेरीड गावच्या चर्चमधला ऑर्गन घरघरायचा. म्हणजे ऑर्गन नव्हे, त्याला हवा पुरवणारी मोटर. ती जिन्याखालच्या कपाटात बसवलेली होती, आणि प्रार्थनेत सगळे गप्प झाले की तिचा आवाज भिंतींतून वर यायचा. गावाच्या तो इतका अंगवळणी पडला होता की कोणाला जाणवतही नसे. जाणवायचा फक्त तोर्ग्नीला. तोर्ग्नी चर्चचा वादक आणि गायकवृंदाचा प्रमुख. कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

"गुन्वोर, मोटरींचं दुकान तुझंच ना?" तालमीनंतर कॉफी पिताना त्यानं तिला गाठलंच. "मग त्या डुकराचं घोरणं बंद कर की एकदाचं!"

"घोरतंय म्हणजे जिवंत आहे," गुन्वोर म्हणाली. "पण काढून नेते. नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आत बसवून देते."

गुन्वोर गायकवृंदात मागच्या रांगेत उभी राहून गायची, आणि एरवी दीर सिक्स्तेनबरोबर जळक्या मोटरी दुरुस्त करायची. चर्चची मोटर टेबलावर उघडली तेव्हा सिक्स्तेननं बॅटरी मारून आत पाहिलं.

"तारा तर शाबूत आहेत. जळलेलं काहीच नाही."

"हे बघ." गुन्वोरनं नखानं तांब्याच्या तारांची गुंडाळी खरवडली. जुनं वार्निश कांद्याच्या सालीसारखं सुटून आलं. तारांना धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. वीज आली की त्या एकमेकींवर थरथरत होत्या. "म्हातारीचे दात हलायला लागलेत. नवे बसवायला नकोत, हिरड्या घट्ट केल्या की झालं."

तिनं गुंडाळ्या धुतल्या, भट्टीत वाळवल्या आणि कोमट असतानाच टाकीत सोडून वर झाकण आवळलं. पंपानं आतली हवा ओढून घेतली. मग खालून रेझिन, तारा चिकटवून धरणारी पातळ राळ, चढू लागलं, मधासारखं, सावकाश. झाकणाच्या काचेला दोघांनी डोकी भिडवली. तारांच्या फटींत दडलेली हवा बुडबुडे होऊन वर येत होती. गुन्वोरनं हे हजारदा पाहिलं असेल, तरी त्या काचेपासून तिचा पाय निघत नसे.

"तुझं लग्न माझ्या भावाऐवजी मोटरीशीच लावायला हवं होतं," सिक्स्तेन म्हणाला.

"मोटर निदान घरभर मोजे तरी टाकत नाही."

बुडबुडे थांबले. तिनं टाकीत दाबानं हवा सोडली, म्हणजे रेझिन बारीकसारीक फटींत जाऊन बसेल. मग निथळणं, मग भट्टी. बाहेर आली ती गुंडाळी दगडासारखी एकजीव झाली होती. जोडून चालू केल्यावर सिक्स्तेनला मोटरीवर हात ठेवून खात्री करावी लागली की ती खरंच फिरतेय.

शनिवारी चर्चमध्ये बटण दाबल्यावर तोर्ग्नीनं कपाटाला कान लावला, आणि मग गुन्वोरला मिठीच मारली. "अगं, या चर्चमधली शांतता मी पहिल्यांदा ऐकतोय!"

रविवारी चर्च गच्च भरलं. स्तोत्रं छान झाली. मग आलं तोर्ग्नीच्या खास अभिमानाचं गाणं. या गाण्याला ऑर्गनची साथ नसे, आणि तो आधी सूरही देत नसे. नुसता हात उचलायचा, की सगळे अचूक एका सुरात उठायचे. आसपासच्या गावांचे वादक विचारायचे, हे जमतं कसं? "कान, बाबांनो, कान!" असं त्याचं उत्तर. यंदा मोटर दुरुस्तीला असल्यानं तालमी सभागृहात पियानोवर झाल्या होत्या.

त्यानं हात उचलला, खाली आणला.

हेल्मेर, बसचा निवृत्त ड्रायव्हर, खर्जातला सगळ्यांचा आधार, भलत्याच उंचीवर सुरू झाला. बाकीचे पुरुष तिसरीकडेच गेले. वरच्या पट्टीतल्या बायकांचा आवाज किंचाळीपर्यंत चढला आणि सगळे थबकले. तोर्ग्नीचे कान लाल झाले.

"गुन्वोर," हेल्मेर कुजबुजला, पण त्याची कुजबुजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जायची. "माझा सूर कुठे गेला?"

"कुठला सूर?"

"कपाटातला! मी इतकी वर्षं तिथूनच उचलतोय!"

"मीपण," शेजारचा म्हणाला. "मीही," मागून आणखी कोणी.

तोर्ग्नीनं ते ऐकलं. त्याचा चेहरा पाहून गुन्वोरला हसू फुटत होतं, पण तिनं ते ओठांत दाबलं. माणूस आपल्यामुळे उघडा पडला. काय करावं? आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो सूर तिच्याकडे आहे. दुकानातल्या साऱ्या मोटरी त्याच विजेवर चालतात, त्याच सुरात घुमतात. तो तिच्या हाडांत भिनला होता. तिनं ओठ मिटले आणि घुमायला सुरुवात केली, मोटरीइतकं खाली उतरता येईना म्हणून एक सप्तक वर.

हेल्मेरनं मान डोलावली आणि खालून तिला साथ दिली. रांगेमागून रांग घुमू लागली. तोर्ग्नी आधी नुसता पाहत राहिला. मग त्यानं हळूच पुन्हा हात उचलला, आणि गाणं असं उठलं की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं डोळे पुसले.

नंतर कॉफी आणि केशराचे गोड पाव होते. एब्बा पाद्रीणबाई लगबगीनं आल्या. "ते सुरुवातीचं गुणगुणणं किती सुंदर! नवीन बसवलंत का?"

"तोर्ग्नीची कल्पना," गुन्वोर तोंडात पाव धरूनच म्हणाली.

"आणि त्याच्या आधी तो जो गोंधळ..."

"तो हेल्मेरचा," तिघे-चौघे एकदमच बोलले.

पाद्रीणबाई गेल्यावर तोर्ग्नीला हसू आवरेना. कपातली कॉफी बशीत सांडली. "आणि मी सगळ्या जिल्ह्याला कानांची शेखी मिरवत होतो!"

"परत ढिली करून देऊ का मोटर?"

"हात तर लाव! नाताळला सूर तू द्यायचास. आणि मागे दडून नाही, मधोमध उभं राहून."

गुन्वोरनं मान खाली घालून स्वतःच्या रेझिनचे डाग पडलेल्या बुटांकडे पाहिलं. "मग बूट नवे घ्यावे लागतील," ती म्हणाली, आणि तिनं आणखी एक पाव उचलला.