चाळणीतून सांडलेला आवाज

मित्रांनो, माझ्या पाठीला जाळी आहे. एके काळी मला तिचा फार गर्व होता. आता मी एक जुना हेडफोन आहे. गाद्यांवरची मखमल झडली आहे, वायरीला दोन जागी चिकटपट्टी आहे. पण मला म्हातारपण सलत नाही. एका माणसाचा आवाज माझ्यामुळे सांडला, ते सलते.

मला घडवणारे हात निगुतीचे होते. आवाज काढणारे केसाहून पातळ पडदे, तेही डावा-उजवा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकून निवडलेले. पाठीशी भिंत नाही, नुसती बारीक तारांची जाळी. त्यामुळे माझ्यात हवा खेळते. माझ्यातून ऐकलेले गाणे डोक्यात कोंडत नाही. गाणारा समोर बसला आहे, वाजवणारा थोडा डावीकडे, आणि मागे कोणीतरी हळूच खुर्ची सरकवली, असे सगळे वेगवेगळे कळते.

ज्या ताईने मला आणले, ती अंध माणसांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करायची. घरातल्या मागच्या खोलीला तिने चारी बाजूंनी जाड पांघरुणे टांगली होती. तिथे खुंटीवर माझ्याशेजारी दुसरा हेडफोन असे. माझ्याच तोलामोलाचा, पण बंद पाठीचा. अक्रोडाच्या लाकडाच्या वाट्या, कानाला घट्ट बसणाऱ्या चामडी गाद्या. बाहेरचे आत येणार नाही, आतले बाहेर जाणार नाही. जाड, खालचे सूर त्याच्यात छान भरून येत. मात्र तासाभरात कान घामेजत.

ताईचा नियम एकच होता. माइकसमोर बंद पाठीचा, आणि नंतर ध्वनिमुद्रणाची काटछाट करायला उघड्या पाठीचा. कारण माझ्या जाळीतून गळणारा आवाज माइक टिपतो. वाटणी सरळ होती. तरी मला वाटायचे, हा लाकडी ठोकळा माइकसमोर मिरवतो आणि मी मात्र मागून उष्टी काढतो.

आमची नावे ताईच्या बाबांनी ठेवली. ते पत्रेकाम करायचे. चाळीस वर्षे पत्रा ठोकून त्यांचे कान अर्धे गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला उलटेपालटे करून पाहिले.

"हा डबा, ही चाळण. दोन्ही मी जन्मभर केलेत. यात नवीन काय आणलंस?"

"बाबा, फार भारीतले आहेत हे."

"असतील. पण चाळण कितीही भारी असली, तरी तिच्यात पाणी ठरत नाही बरं का."

मला राग आला होता. पण त्या माणसाने मला पहिल्याच दिवशी ओळखले होते.

बाबांना अक्षरे उशिरा आली, तीही ताईच्या शाळेच्या पुस्तकावरून. ती वाक्य वाचायची, ते मागून म्हणायचे. धीर मुळीच नाही. तिचे वाक्य अर्ध्यावर असतानाच हे सुरू. "तू थांबू नकोस चिमणे, माझी गाडी मागून येतेय," म्हणायचे. ही खोड शेवटपर्यंत गेली नाही.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल. ताईने ठरवले, बाबांच्या आवाजातली दोनशे वाक्ये एका छोट्या यंत्रात भरायची. पुढे बटण दाबले की बाबा त्यांच्याच आवाजात बोलतील. वाचताना ते अजून अडखळत, म्हणून सगळी वाक्ये तिने आधी स्वतः म्हणून ठेवली. ती बाबांच्या कानात वाजणार, आणि बाबा मागून म्हणणार.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी बाबा माइकसमोर बसले. कानांवर अर्थातच डबा होता. "पाणी हवंय." "दिवा बंद कर." "दार कोण वाजवतंय?" अशी अकरा वाक्ये झाली आणि त्यांनी तो ओढून काढला.

"काढ बाई हे झाकण. माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमतोय. पेटीत बसून बोलल्यासारखं वाटतं. उद्यापासून गप्पच बसायचंय, आज तरी मोकळं बोलू दे. ती चाळण दे."

"बाबा, ती गळते."

"गळू दे दोन थेंब! माझ्यापेक्षा तुला माइकची काळजी जास्त."

 मग ताईने मला खुंटीवरून काढले. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. शेवटी माइकसमोर मी!

बाबा खुलले. "चिमणे, जेवलीस का?" "पोचलीस की कळव." "माझं चुकलं, पण तुझंही चुकलं." त्यांना ऐकू यावे म्हणून ताईने माझा आवाज पुष्कळ वाढवला होता. तो मी जाळीतून खोलीभर उधळत होतो. आणि बाबा जुन्या खोडीने तिचे वाक्य संपायच्या आतच सुरू होत होते. बाप आणि लेक, दोघांचे आवाज एकावर एक माइकमध्ये जात होते. मला ते समजत होते. पण मला जे बोलायला लावतात तेवढेच मी बोलतो, "थांबा" म्हणता येत नाही.

ध्वनिमुद्रण झाले की एकदा डब्यातून ऐकून बघायचे, हा ताईचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी तिने तो कानाला लावलाच नाही. ऐकले असते तर रडू आले असते, आणि बाबांसमोर तिला रडायचे नव्हते. तिने फक्त संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा पाहिल्या. लाटा छान दिसत होत्या.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी तिने काटछाटीसाठी मला कानांवर चढवले आणि बाराव्या वाक्याला तिचा चेहरा उतरला. तिथून पुढे बाबांच्या प्रत्येक शब्दाखाली तिचा स्वतःचा बारीक आवाज होता. दोनशेपैकी एकशे एकोणनव्वद वाक्यांत. ती आठवडाभर झटली. पण शब्द तेच, वेळ तीच. स्वतःला कापायला जावे, तर बाबाही कापले जात. त्या आठवड्यात माझी मखमल बऱ्याचदा ओली झाली.

बाबा घरी आले, गळ्याला पट्टी आणि हातात पाटी. ताईने सगळे सांगून टाकले.

"मी बिघडवलं, बाबा. मला माहीत होतं, तरी चाळण दिली. चांगली अकराच आलीत, आणि त्यातल्या एकातही 'चिमणे' नाही."

बाबांनी पाटीवर लिहिले, "लाव."

तिने बटण दाबले. "चिमणे, जेवलीस का?" पुढे तिचा बारीक आवाज, मागून बाबांचा, तिला गाठत. बाबा हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मग सावकाश लिहिले, "तू पुढे, मी मागे. वाचायला असाच शिकलो." ते पुसले आणि पुन्हा लिहिले, "पण डबा काढायला नको होता. हट्ट माझा."

ताई म्हणाली, "आणि शिरस्ता मोडला मी."

तेच यंत्र बाबा आजही वापरतात. फोनवर लोक विचारतात, "मागे कोण बोलतंय हो?" एवढ्यावर त्या दोघांचे मिटले. त्यांनी एकमेकांना माफ केले. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही, त्यामुळे मला माफीही कोणी दिली नाही. मी खुंटीवर आहे, माझ्या त्या एका आनंदासकट.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, वायर नीट गुंडाळा, असे मी सांगणार नाही. डब्याचे काम चाळणीला देऊ नका, एवढे लक्षात ठेवा. आणि आपल्या माणसाचा आवाज टिपलात, तर तो त्याच वेळी ऐका. रडू आले तरी ऐका. तो माणूस समोर बसलेला असतो तोवर त्याला म्हणता येते, "बाबा, हे एक वाक्य पुन्हा म्हणा ना."