चौदा फुटांचं दुकान

बँकेच्या लिलावात घेतलेल्या दुकानाचं शटर वर गेलं आणि टेलरबाई उंबऱ्यातच थांबल्या. पैसे भरून झाले होते, विक्रीचा दाखला हातात होता, आज फक्त ताबा घ्यायचा होता. पण दुकान आखूड वाटत होतं. तीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या नजरेला ते कुणी सांगावं लागलं नाही.

त्यांनी पर्समधून टेप काढली. खडूने खुणा करत त्या मागच्या भिंतीपर्यंत पोचल्या. अकरा फूट. कागदावर चौदा.

भिंतीचा गिलावा ताजा होता. दुकान दोन वर्षं सीलबंद, तेवढ्या काळात मागच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने आपल्या बाजूने भिंत फोडून तीन फूट पुढे सरकवली होती.

"ताई, 'जसं आहे, जिथे आहे' असं विकलंय," बँकेचा अधिकारी म्हणाला. "जाहिरातीत होतं."

"जाहिरातीत चौदा फूटही होतं."

"टेलर माणसं तुम्ही, इंचाइंचाला भांडणार."

"छत्तीस इंच आहेत, साहेब. एवढ्यात माझी दोन्ही मशिनं बसतात."

अधिकाऱ्याने स्टुलावर किल्ली ठेवली, शेजारी ताबापावती. 'पूर्ण ताबा मिळाला' एवढंच लिहिलेलं, खाली सहीची जागा.

"घेऊन टाक गं," नवरा हळूच म्हणाला. "भाड्याची जागा आठ दिवसांत सोडायचीय. आधी आत तर शिरू, चष्मेवाल्याशी मग बघू."

"अहो, गिऱ्हाईक कोट घालून बघतं, ठीक म्हणून नेतं आणि महिन्याने घट्ट झाला म्हणून येतं. आपण ऐकतो का?"

बाईंनी पावती पुन्हा वाचली. सही केली तर तीन फूट गेले. नाही केली तर कदाचित सगळंच लटकणार. आयुष्यभराची पुंजी या चार भिंतींत होती, त्यातली एक भलत्याच जागी.

"साहेब, पावतीत अकरा फूट लिहा. उरलेले तीन द्यायचे बाकी आहेत, हेही लिहा. मग सही करते."

"तो अधिकार मला नाही. मॅनेजरसाहेब सोमवारी येतील."

"मग ताबा सोमवारी."

"किल्ली परत नेऊ?"

"न्या. पण आज ताबा का दिला नाही, तेवढं लिहून द्या. ते तरी तुमच्या अधिकारात असेल."

अधिकाऱ्याने टेपचं टोक धरून स्वतः मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग कागद भिंतीला टेकवून लिहिलं: 'प्रत्यक्ष लांबी अकरा फूट. खरेदीदाराने ताबा घेतला नाही.' सही केली, तारीख घातली, कागद बाईंच्या हातात दिला, शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली बॅगेत टाकली.

"सोमवारपर्यंत मी तोंड उघडत नाही," नवरा म्हणाला.

"उघडा. भाड्याची दुसरी जागा शोधायला लागेल."

सुईत एका झटक्यात दोरा ओवणाऱ्या बोटांना त्या एवढ्याशा कागदाची घडी काही केल्या जमेना.