भरल्या बंडीची वाट

नलूचं पत्र येऊन संक्रांत उलटली, तरी रूपरावांनी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. "मामाजी, तुमी मागच्या सीटवर बसून होते. मले एवढंच लिहा, माही चूक झाली काय? नसंल, तर पुढच्या कॅम्पले पुन्हा टेस्ट देईन. असंल, तर संस्थेले सांगून टाकीन का जागा दुसरीले द्या."

"एका ओळीचं उत्तर," त्यांची बायको आनंदाबाई ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची, "त्याच्यासाठी काय मुहूर्त पाहून राह्यले?"

रूपराव 'चि. नलूस अनेक आशीर्वाद' एवढं लिहीत आणि थांबत.

नलू त्यांच्या बहिणीची मुलगी, राहणारी बोरगाव मेघेची. तिथल्या एका महिला संस्थेला ब्याऐंशी साली जीप मिळाली होती, खेड्यांतल्या अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात आणायला. जीप चालवायला बाईच हवी होती. नलू कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या जीपवर शिकली होती. अडलं होतं ते फक्त लायसनपाशी. संस्था होळीपर्यंत थांबणार होती.

लायसनच्या टेस्टचा कॅम्प आर्वीला भरायचा, म्हणून ती तिथं मामांकडे राहायला आली. रूपरावांचा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. सायकलसुद्धा कधी आली नाही. पण त्यांनी नियमांची पुस्तिका मिळवली आणि वाचनालयाच्या जुन्या कार्डांमागे सरावाचे प्रश्न लिहून काढले. रोज सकाळी नलू अंगणात पाटावर बसे, हातात स्टिअरिंग म्हणून परात. मामा मागून ओरडत, "समोर शाळा!" नलू उजवा हात बाहेर काढून वरखाली हलवी.

"अन् मागून एस्टी आली!"

"मामाजी, एस्टी आंगनात कशी शिरली?"

"प्रश्नाले प्रश्न नाई!"

"पोरी, गाडी उभी कर," आनंदाबाई चुलीजवळून म्हणे, "मले कनिक भिजवाची हाय."

त्या कार्डांत एक प्रश्न पुस्तिकेतला नव्हता, रूपरावांच्या पदरचा होता. अरुंद पूल, समोरून चढावर कापसानं भरलेली बंडी, कोण थांबेल? नलू हसली होती. "हे काय विचारनं झालं? भरल्या बंडीले वाट द्यावीच लागते."

आणि टेस्टच्या दिवशी, गावाबाहेरच्या नाल्याच्या पुलावर, नेमकी तीच बंडी समोर आली. नलूनं हात दाखवून जीप अलीकडे उभी केली. बैल फेस गाळत चढून गेले. शेजारी बसलेले इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "काय बाई, बैलगाडीला घाबरलात?"

"साहेब, भरली बंडी होती."

"हॉर्न वाजवायचा, तो थांबला असता. जीप म्हणजे काय झोपाळा वाटला?" आणि त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं.

मागे बसलेल्या रूपरावांचं तोंड उघडलं, पण जीभ हलली नाही. तो प्रश्न त्यांचा स्वतःचा होता ना! पुस्तिकेत नसलेलं आपण शिकवलं आणि पोरीची जागा घालवली, हा किडा तेव्हाच डोक्यात शिरला. मग उत्तर काय लिहिणार?

माघात ते चष्म्यासाठी वर्ध्याच्या एस्टीत बसले. पुढच्या सीटवर तेच साहेब संत्रं सोलत होते. त्यांची जीप बंद पडली होती म्हणे. नाला आला. समोरून कापसाची बंडी चढत होती. तानबा ड्रायव्हरनं गाडी अलीकडे उभी केली. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट साहेबच फोड तोंडात टाकत म्हणाले, "थांब बाबा, चढावर आहे. बैल थांबले तर गाडी मागं घसरेल."

रूपरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. आपण केव्हा उभे राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"साहेब, लिहा. नापास!"

"कोण नापास?"

"हा तानबा. बैलगाडीले घाबरला."

तानबानं मान वळवली. "मी काय केलं रूपरावजी?"

"हॉर्न काऊन नाई वाजवला? माह्या भाचीले या साहेबांनी तेच सांगितलं. अन् नापास केलं!"

साहेबांनी त्यांना ओळखलं. "त्या बाईंची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? पूल हाच, चढाव हाच, बंडी अशीच भरली."

"हा वीस वर्षं गाडी चालवतोय."

"अन् वीस वर्षं इथंच थांबून राह्यला! ती पयल्याच दिवशी थांबली, तर घाबरली?" रूपरावांचा आवाज फाटला. "तुमाले ठाऊक होतं, साहेब. बैल मागं घसरतात, हे तुमाले तवाही ठाऊक होतं!"

तानबा म्हणाला, "साहेब, मले नापास कराचं तर करा. पन आधी वर्ध्याले पोचू द्या." सगळी गाडी हसली. साहेब हसले नाहीत. सालं खिडकीबाहेर टाकत ते एवढंच पुटपुटले, "आणा तिला कॅम्पला. बघू."

"बघू कायचं!" रूपराव म्हणाले आणि खाली बसले. राग वर्ध्यापर्यंत उतरला नाही.

बोरगाव तिथून हाकेच्या अंतरावर. जाऊन सांगता आलं असतं. पण लेखी प्रश्नाचं उत्तर तोंडी चालत नाही. चष्म्याचं दुकान ओलांडून ते पोस्टात गेले आणि तिथल्या फुटक्या निबेच्या टाकानं लिहिलं: 'चि. नलूस अनेक आशीर्वाद. तुझी चूक नव्हती. पुढच्या कॅम्पला ये. पुलावर भरली बंडी आली, तर थांब. मी मागेच बसलेला असेन, आणि या वेळी गप्प बसणार नाही.'

लाल पेटीत पत्र टाकलं, आणि ते वर अडकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी फटीतून बोटं घालून पाहिलं. पत्र खाली पडलं होतं.