शकूचा डावा डोळा

कांदा निवडावा तर शकूनं. ही तिच्या बापाची, तात्याबाची बढाई, आणि चाकणच्या दर बाजाराला ती वीतभर वाढायची. "आमची पोर कांद्याकडं बघत बी न्हाई," तो पारावर सांगे. "हात लावती अन् सडका बाजूला. परवा तर आमच्या अंगणात बसून शेजारच्या वाडीतला सडका कांदा वळखला." लोक हसत. पोर कांद्याकडे बघत का नाही, हे मात्र तो कुणाला विचारू देत नसे.

त्याला ते ठाऊक होतं. सहा वर्षांची असल्यापासून शकू उंबऱ्याला अडखळायची, पाटी नाकाला लावून वाचायची.

शाळेत दर वर्षी पुण्याहून डोळे तपासायला डॉक्टर यायचे आणि नेमक्या त्याच दिवशी वाडीतल्या साऱ्या पोरींना ताप यायचा. असा शहाणा ताप उभ्या तालुक्यात नसेल. डॉक्टरांची गाडी आली की चढायचा, गेली की उतरायचा. पोरगे रांगेत, पोरी गोधडीत. "चष्म्याच्या यादीत नाव लागलं की सोयरीक तुटली," तात्याबाची आई ठकुबाई म्हणायची. सहा वर्षं तात्याबानं शकूवर स्वतःच्या हातानं गोधडी घातली. पाच वर्षांच्या धाकट्या दुर्गीवर यंदापासून घालायची होती.

शकूला तेरावं लागलं आणि यशोदाबाई मुलासाठी पोर बघायला आल्या. तात्याबानं आधीच तालीम घेतली होती. "उंबऱ्यापास्नं नऊ पावलं. थितं सासूबाई बसतील. वाकायचं."

पण यशोदाबाई चूळ भरायला अंगणात गेल्या, आणि त्यांच्या भावानं, उद्धवरावांनी, त्या रिकाम्या जागेमागच्या कांद्याच्या पोत्यावर आपलं पागोटं ठेवलं. शकू आली, नऊ पावलं टाकली, पदर सावरला आणि पोत्याला तीनदा वाकून नमस्कार केला.

"पोतं मुकं दिसतंय," उद्धवराव म्हणाले. "आशीर्वाद देईना."

सारे हसले. फक्त दारात उभ्या यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मूठ वर धरली. "पोरी, किती बोटं हायती?"

"तीन," शकूनं अंदाज मारला.

यशोदाबाईंनी मूठ खाली घेतली. "पोर खोटी न्हाई, तात्याबा. तुमी हायसा." आणि पानसुपारी न घेता त्या गेल्या.

दुसऱ्याच दिवशी तात्याबानं शकूला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. उजवा डोळा चष्म्यानं चांगला होईल, म्हणाले. डावा मात्र आता फारसा नाही. "हा पहिल्यापासून अंधुक, म्हणून त्यानं काम सोडलं. सहाव्या वर्षी चष्मा लागला असता तर बघायला शिकला असता. शाळेत तपासणी होत नाही का?"

"व्हती."

"मग?"

गावभर नव्या थापा पिकवणाऱ्या तात्याबाला इथे जुनीच सुचली. "पोरीला ताप आल्ता," तो म्हणाला.

"सहाही वर्षं?"

तात्याबानं चष्म्याचे पैसे मोजले.

चष्मा आला. ठकुबाई म्हणाली, "घरात घालंल. भाईर जाताना ट्रंकेत ठिवा."

"न्हाई, आये."

"येडा झालास व्हय? कोन करंल तिला?"

"न करू दे."

शकूनं चष्मा घातला, कडुलिंबाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग बापाकडे. "आबा, समद्यांना असंच दिसतं?"

"व्हय."

"मला वाटायचं समद्यांनाच धुकं दिसतं." मग तिनं विचारलं, "मला नीट दिसत न्हाई हे तुमाला ठावं व्हतं?"

अंगणात माणसं होती, ठकुबाई डोळ्यांनी खुणावत होती.

"ठावं व्हतं," तात्याबा म्हणाला. "मीच लपवलं."

शकू रडली नाही. त्याच्याकडे बघत राहिली, आणि बापाला तिच्या समोर बसवेना. तो उठला, दुर्गीला कडेवर घेतलं आणि शाळेत गेला.

"मास्तर, तपासणीला हिचं नाव लिवा. दर वर्साला लिवा."

"अहो, अजून चार महिने आहेत."

"असू द्या. वाडीतल्या समद्या पोरींची नावं लिवा. त्या दिशी जिची पोर घरात ऱ्हाईल, तिच्या दारात मी शकूला घेऊन बसंन. म्हनावं, हिचा डावा डोळा बघा, अन् मंग गोधडी घाला."